नाव तेच, नंबर वेगळा... आणि काम ठप्प!



तुमच्या धंद्याचं ॲप बनवून घेताय? मग एक लक्षात घ्या. डेव्हलपर सगळा कोड स्वतः लिहीत नाही. चिवड्याच्या धंद्यात आपण पोहे, मसाला, पिशव्या बाहेरून आणतो ना, तसाच तोही तयार कोड बाहेरून घेतो. त्याला पॅकेज म्हणतात. मालाचं नाव किंवा बॅच चुकली की काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मार्च २०१६ ची गोष्ट. एनपीएम हे जावास्क्रिप्ट पॅकेजचं मोठं कोठार. तिथे एका डेव्हलपरच्या 'किक' या पॅकेजच्या नावावर त्याच नावाच्या मेसेजिंग कंपनीने हक्क सांगितला. एनपीएमने नाव कंपनीला दिलं. डेव्हलपर वैतागला आणि त्याने आपली २५० हून जास्त पॅकेज काढून घेतली. त्यात होतं 'लेफ्ट-पॅड'. फक्त ११ ओळींचं! पण असंख्य प्रोजेक्ट त्याच्यावर उभे होते, ते अडकले.

दुसऱ्या कोणीतरी दहा मिनिटांत तसाच कोड त्याच नावाने टाकला. तरी गाडी पुढे जाईना. का? नव्याचा नंबर होता १.०.० आणि मागणी होती नेमकी ०.०.३ ची! शेवटी एनपीएमला जुनं ०.०.३ च परत ठेवावं लागलं.

नंबर वाचायला सोपा आहे. समजा २.४.१. शेवटचा आकडा बदलला तर दुरुस्ती, मधला बदलला तर नवी सोय, पहिला बदलला तर जुनं काम मोडू शकतं. अर्थात, हा पाळायचा नियम आहे, गॅरंटी नाही.

नावाचंही तसंच. २०१७ मध्ये 'क्रॉस-एनव्ही'च्या नावातली मधली रेघ काढून कोणीतरी बनावट पॅकेज ठेवलं होतं. ते घेणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरची गुप्त माहिती चोरायचं.

म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी डेव्हलपरला तीन प्रश्न विचारा:

१. प्रत्येक पॅकेजचं नेमकं नाव आणि नंबर असलेली लॉक फाइल मला देणार ना?
२. ती पॅकेज उद्या कोठारातून गायब झाली तर आपल्याकडे प्रत आहे का?
३. नवा नंबर घेताना आधी चाचणी कुठे करणार?

लॉक फाइल नसेल तर उद्या डेव्हलपर बदलल्यावर तेच ॲप तसंच्या तसं उभं राहीलच असं नाही. पैसे तुमचे आहेत, विचारायला लाजू नका.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!