घडीचा पडदा

उतारवयांत अक्षर मोठें हवें, पण खिसा पूर्वींएवढाच राहतो. मग वर्तमानपत्रासारखी वाचनयंत्राच्या पडद्याचीही घडी कां घालूं नये? वांकवितांना कोणत्याही तावाची बाहेरची बाजू ताणली जाते, आंतली दाबली जाते. जाड कांच तो ताण न सोसून तडकते. ताव जितका पातळ, तितका ताण कमी. परंतु पातळ, मऊ पडदा नखानेंही ओरखडतो. सॅमसंगचे कर्णानें ७.३ इंच पडद्याचे घडीचे फोन एप्रिल २०१९ मध्यें परीक्षणासाठीं दिले, तेव्हां कांहीं वरचा पापुद्रा सोलल्यानें, तर कांहीं बिजागरीजवळून कचरा शिरल्यानें बिघडले; सुधारणा होऊन ते सप्टेंबरांत विक्रीस आले. तात्पर्य, वांकण्याइतका पातळ आणि टिकण्याइतका कणखर पदार्थ साधणें, हेंच या घडीचें खरें कोडें आहे.