रुग्णांचा आवाज आणि औषधांची चाचणी

नवे औषध सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी त्याची माणसांवर चाचणी घ्यावी लागते. अशा चाचणीत अनेकदा रुग्णांचे दोन गट करतात. एका गटाला औषध देतात. दुसऱ्याला तशीच दिसणारी, परंतु औषध नसलेली गोळी देतात. औषधाचा खरा गुण या तुलनेतून कळतो. ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे. पण ज्याचे आयुष्यच थोडे उरले आहे, त्या रुग्णाने निष्कर्षाची वाट किती काळ पाहावी?

हा प्रश्न अमेरिकेतील एड्सच्या रुग्णांनी विचारला. एझेडटी या औषधाच्या चाचणीत २८२ रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांपैकी १, तर दुसऱ्या गटातील १९ रुग्ण दगावले. तेव्हा, १९८६ मध्ये, ती चाचणी मध्येच थांबवण्यात आली. मार्च १९८७ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये 'अ‍ॅक्ट अप' ही संघटना उभी राहिली. इतर औषधेही लवकर मिळावीत, म्हणून ११ ऑक्टोबर १९८८ रोजी आंदोलकांनी अन्न व औषध प्रशासनाच्या मुख्यालयाला घेराव घातला.

मात्र हे कार्यकर्ते केवळ घोषणा देऊन थांबले नाहीत. त्यांनी वैद्यकीय शोधनिबंध वाचले, चाचण्यांचे नियम अभ्यासले आणि त्यांतील उणिवा दाखवल्या. स्त्रियांना चाचण्यांत फारसे स्थान नव्हते. काही चाचण्यांत इतर आवश्यक औषधे घेण्यासही मनाई होती. अशा जाचक अटींमुळे काही रुग्ण आपल्या गोळ्या आपसांत वाटून घेत. त्यामुळे चाचणीचे निष्कर्षच धोक्यात येत.

डॉ. अँथनी फाउची यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हे म्हणणे ऐकून घेतले. रुग्णांचे प्रतिनिधी संशोधन समित्यांवर आले. चाचणीत सहभागी होऊ न शकणाऱ्यांनाही औषध मिळण्याची सोय झाली. १९९२ मध्ये गंभीर आजारांवरील औषधांना लवकर मान्यता देण्याचा नियम लागू झाला.

पुढे, १९९३ मध्ये, 'कॉनकॉर्ड' या मोठ्या चाचणीने एक कटू सत्य समोर आणले. लक्षणे दिसण्यापूर्वीच एझेडटी सुरू केल्याने आयुष्य वाढत नव्हते. घाईने मिळालेले औषध तारेलच असे नाही, हे अनेक कार्यकर्त्यांनी ओळखले. पूर्वी वेगाचा आग्रह धरणाऱ्यांपैकी काहीजण आता भक्कम पुराव्याचीही मागणी करू लागले. रुग्ण हा चाचणीचा केवळ विषय नसून तिचा जबाबदार भागीदार आहे, हे त्यांनी आपल्या कृतीतून दाखवून दिले.