दारचा निवडुंग फुलवताना

काटेरी झाड दारात लावू नये, त्याने घरात भांडणे लागतात, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे सांगत आली. तरीही जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी अनेक घरांत कुंडीत एखादा निवडुंग असतोच. ब्रह्मकमळ म्हणून आपण जे फूल रात्री जागून पाहतो आणि शेजाऱ्यांना हाका मारून दाखवतो, तेही निवडुंगाचेच. खरे ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर फुलते, ते झाड वेगळे. आता शेतात येऊ लागलेले ड्रॅगन फ्रूट हेही निवडुंगच. म्हणजे हे कूळ आपल्याला परके राहिलेले नाही.

मात्र बांधावरचे थोर आणि शेर हे निवडुंग नव्हेत. त्यांचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो, मुलांना जपावे. खऱ्या निवडुंगाची खूण अशी, की त्याचे काटे लोकरीसारख्या लहानशा गादीतून निघतात. काटे नसले तरी गादी असते. हे कूळ जवळजवळ सगळे अमेरिकेकडचे. त्यातल्या दुर्मिळ जाती घरी वाढवणे आणि त्यांना फूल आणणे हे कसबाचे काम आहे. पण ज्या घरात रोपवाटिका आणि कलमे माहीत आहेत, त्या घराला ते अवघड वाटू नये.

काळी माती नको

निवडुंग पाण्यावाचून मरतो त्यापेक्षा पाण्याने जास्त मरतो. आपली काळी माती कपाशीला, ज्वारीला सोन्यासारखी. निवडुंगाला मात्र ती विष. ती पाणी धरून ठेवते, फुगली की मुळांना हवा मिळत नाही आणि वाळताना भेगा पडून बारीक मुळे तुटतात. म्हणून कुंडीत तिचा कणही घालू नका. चाळलेला मुरूम किंवा धुतलेली जाड वाळू दोन भाग, चांगले कुजलेले पानांचे खत एक भाग आणि मूठभर विटांचे बारीक तुकडे, एवढे पुरे. ताजे शेणखत घालू नये. कुंडी मातीची घ्यावी, ती लवकर सुकते. तळाचे भोक मोकळे ठेवावे आणि वर बोटभर खडी पसरावी, म्हणजे झाडाचा गळा कोरडा राहतो.

ब्रह्मकमळाची गोष्ट वेगळी. ते मूळचे रानातल्या झाडांवर वाढणारे. त्याला सावली, पालापाचोळ्याचे खत आणि थोडी ओल लागते.

चार महिन्यांची परीक्षा

आपल्याकडचे ऊन निवडुंगाला सोसते, थंडी तर उपयोगी पडते. खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. दहा वर्षे जपलेले झाड एका झडीत आतून सडते आणि वरून हिरवेच दिसत राहते. म्हणून मृगाच्या आधी कुंड्या पत्र्याखाली किंवा पडवीत हलवा. पाऊस लागू नये, पण वारा आणि सकाळचे ऊन मिळावे. उघडीप असेल आणि माती तळापर्यंत सुकली असेल तरच थोडे पाणी द्या. बांबूची काडी मातीत खोल खुपसून काढावी. ओली निघाली तर पाणी नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी पाणी जवळजवळ बंद ठेवा. ही कोरडी, थंड विश्रांती चुकली की बऱ्याच जाती नुसत्या फुगतात, कळी धरत नाहीत. फेब्रुवारीत हळूहळू पाणी सुरू करा. एप्रिल-मेच्या दुपारी शेडनेट लागतेच, कारण सावलीतले झाड एकदम उन्हात ठेवले तर ते भाजते आणि तो डाग जात नाही. निवडुंग आपली श्वासाची छिद्रे रात्री उघडतो, म्हणून उन्हाळ्यात पाणी संध्याकाळी द्यावे.

अवघड जाती आणि कलम

ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास ही बिनकाट्याची, चपट्या भोपळ्यासारखी जात. तिला पिवळे, आत लालसर फूल येते. बी धरायला बहुधा दोन वेगळी झाडे लागतात. ॲरिओकार्पस तर दगडासारखा दिसतो, मुळ्यासारखे जाड मूळ धरतो आणि पावसाळा सरल्यावर फुलतो. बियांपासून फूल यायला त्याला अनेक वर्षे लागतात.

ही वाट कलमाने कमी होते. बाजारात लाल किंवा पिवळ्या गोळ्याचा निवडुंग मिळतो, तो तुम्ही पाहिला असेल. त्या गोळ्यात हिरवा रंगच नसतो, त्यामुळे त्याला स्वतःचे अन्न करता येत नाही. खालचा तिधारी खुंट ड्रॅगन फ्रूटच्या कुळातला असतो आणि तोच त्याला पोसतो. तुमच्याकडे ड्रॅगन फ्रूट असेल तर खुंट घरचाच झाला. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत धारदार, स्वच्छ पात्याने खुंट आडवा कापा आणि त्याच्या कडा तिरप्या छाटा. रोपाचा माथाही आडवा कापून त्यावर ठेवा. दोन्हींच्या मध्यावर गोल कडे दिसते. ती कडी एकमेकांना कुठेतरी भिडली पाहिजेत, नाहीतर कलम धरत नाही. रबराने हलके बांधून आठ-दहा दिवस सावलीत ठेवा, कापावर पाणी पडू देऊ नका.

सडलेल्या झाडालाही हाच उपाय. पांढरे, निरोगी अंग लागेपर्यंत कापत जा. तांबूस ठिपकाही ठेवू नका. वाचलेला माथा आठ-दहा दिवस सावलीत सुकवून कोरड्या वाळूवर ठेवा, किंवा लगेच कलम करा.

कापसासारखी पांढरी लव दिसली तर तो पिठ्या ढेकूण समजा. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशने तो पुसून काढा आणि कुंडी वेगळी ठेवा. याच्याच नात्यातल्या, १९२६ च्या सुमारास श्रीलंकेतून आणलेल्या कोचिनील किड्याने दक्षिण भारतातली फड्या निवडुंगाची रानेच्या राने संपवली होती. तेव्हा दुर्लक्ष नको.

कोठून घ्यावे

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत निवडुंगाच्या सुमारे ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचे आढळले. मोठे कारण शौकिनांसाठी रानातून उपटून विकणे. शेती आणि जनावरे वाढल्याने गेलेली जागा हेही एक कारण. वन्य जिवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ साली अमलात आला आणि भारत त्यात १९७६ साली सामील झाला. जवळजवळ सगळे निवडुंग त्याच्या कक्षेत येतात. ॲरिओकार्पस आणि ॲस्टेरियास तर सर्वांत कडक यादीत आहेत. म्हणून रोप घेताना ते बियांपासून किंवा कलमाने केलेले आहे का, हे विचारा. स्वस्तात मिळणारे, खरचटलेल्या अंगाचे, मुळे तुटलेले मोठे झाड नाकारा.

हाच नियम आपल्या डोंगरांनाही लागू आहे. जुन्नरच्या शिवनेरीसारख्या सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर उगवणारी शिंदळ माकुडी निवडुंग नसली तरी तशीच मांसल आणि दुर्मिळ आहे. ती दिसली तर पाहावी, उपटू नये.

सुरुवात मॅमिलॅरियासारख्या सोप्या जातीपासून करा. तिने एक पावसाळा सुखरूप काढला आणि वसंतात माथ्यावर फुलांचे कडे धरले, की मग अवघड जातींकडे वळा. कुंडीवर पेरणीची तारीख लिहून ठेवा. या झाडांचे वय लांब असते, आणि पुढे पाणी घालणारे हात कदाचित तुमच्या मुलांचे असतील.