पुन्हा पहिले पाऊल

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आई दाराच्या तोरणासाठी झेंडूची फुले ओवीत बसली होती. ओवता ओवता हातातली सुई गळून पडली. ती उचलायला गेली, तो हातच उचलेना. तोंड एका बाजूला वाकडे झाले, शब्द जड झाले. पक्षाघाताचा झटका होता. तातडीने इस्पितळात नेले म्हणून जीव वाचला. पण घरी आणली तेव्हा तिची उजवी बाजू जवळजवळ लुळी पडली होती.

मग आम्ही सारे सेवेला लागलो. पत्नी घास भरवी, मी कुशीवर वळवी, मुलगी वेणी घाली. पाण्याचा पेलासुद्धा आईला स्वतः उचलावा लागू नये याची आम्ही काळजी घेत असू. शेजारच्या काकू म्हणत, "नशीबवान हो तुमच्या आई! अशी सेवा हल्ली कोण करतं?" आम्हालाही ते ऐकून बरे वाटे.

आणि एके दिवशी डॉक्टरांनी सुचवलेली भौतिकोपचारतज्ज्ञ मुलगी घरी आली. वय असेल पंचवीस-सव्वीस. आम्हाला वाटले, आता ही तेल लावून अंग रगडील. पण पहिली दहा मिनिटे ती काहीच न करता नुसती पाहत बसली. जेवणाची वेळ होती. पत्नीने खिमटीचा चमचा आईच्या तोंडाशी नेला, तशी ती म्हणाली,

"वहिनी, चमचा आजींच्या हातात द्या. उजव्या हातात."

"अहो, सांडेल ना सगळं!"

"सांडू द्या. मी पुसते."

ती खरोखरच हाताला आधार देऊन बसली. निम्मी खिमट पातळावर सांडली. आईच्या डोळ्यांत पाणी आले. रात्री पत्नी मला म्हणाली, "पोरगी दगडाच्या काळजाची आहे." मलाही तसेच वाटले होते.

आज वाटते, त्या दिवशी आमच्या घरात शहाणे माणूस एकच होते, आणि ते म्हणजे ती पोरगी. तिचा तो हट्ट तिच्या एकटीचा नव्हता. त्याच्यामागे शंभर वर्षांची धडपड आणि संशोधन उभे होते. ते मला पुढे हळूहळू समजत गेले.

फळ्या आणि गरम पट्ट्या

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलाचे हातपाय फळ्यांना किंवा प्लास्टरमध्ये बांधून महिनेन् महिने निश्चल ठेवीत. स्नायू ओढले जाऊन अवयव वाकडा होऊ नये, हा त्यामागचा हेतू. ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ केनी या परिचारिकेने मात्र हे बांधणे नाकारले. १९११ च्या सुमारास दूरच्या खेड्यापाड्यांत काम करताना ती गरम पाण्यात पिळून काढलेल्या लोकरी कापडाच्या पट्ट्यांनी मुलांचे अवयव शेकी, ते हळुवार हलवी आणि मुलाला स्वतः हलवायला शिकवी. नामांकित डॉक्टरांनी तिला वेड्यात काढले. पुढे ती अमेरिकेत गेली आणि १९४२ साली मिनियापोलिस शहरात तिच्या नावाची संस्था उभी राहिली. आजार कशाने होतो याविषयीची तिची उपपत्ती पुढे टिकली नाही. पण अवयव बांधून ठेवू नका, त्याला पुन्हा शिकवा, हा तिचा आग्रह टिकला. १९५२ साली ती वारली.

मुंबईची शाळा

त्याच १९५२ साली मुंबईत पोलिओची साथ आली. साथीतून मुले वाचत, पण वाचलेल्या मुलाला पुन्हा उभे करील अशी शिकलेली माणसे आपल्याकडे जवळजवळ नव्हतीच. त्या निकडीतून १९५३ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराची देशातली पहिली शाळा निघाली. सरकार, मुंबई महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ती काढली. दोनच वर्षांनी, १९५५ साली, हाजी अलीजवळ भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन यांची अखिल भारतीय संस्था सुरू झाली.

या कामाची वाट दोन स्त्रियांनी आधीच तुडवून ठेवली होती. पहिल्या फातेमा इस्माईल. त्यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. तिला घेऊन त्यांनी उपचारासाठी वणवण केली. पण मुलीपुरते पाहून त्या थांबल्या नाहीत. इतरांच्या मुलांसाठी त्यांनी १९४७ साली मुंबईत उपचारकेंद्र उघडले आणि अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी केली.

दुसऱ्या कमलाबाई निंबकर. जन्माने त्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. निंबकरांच्या घरात सून म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या. व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन त्यांनी १९५० साली के. ई. एम. मध्येच त्या विषयाची शाळा काढली. स्नायूला बळ आणणे, सांधा सैल करणे, तोल सावरणे, चालायला शिकवणे हे भौतिकोपचाराचे मुख्य काम. त्या बळाने माणसाला पुन्हा आंघोळ करता यावी, बटण लावता यावे, चार पैसे मिळवता यावेत, हे व्यवसायोपचार पाहतो. १९५२ साली या विषयाची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

भारतात पोलिओच्या वन्य विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ साली आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण शाळांचे काम संपले नाही. पक्षाघात, अपघात, संधिवात, म्हातारपण, सगळ्यांना त्याच विद्येची गरज पडते. आज या विषयांचे पदवी शिक्षण चार वर्षांहून अधिक चालते. शरीररचना, स्नायू, मज्जातंतू, सगळे शिकून मग रुग्णालयात उमेदवारी करावी लागते. तरी आपण त्यांना "मालिशवाल्या बाई" म्हणून मोकळे होतो!

न वापरलेला हात

आता आईच्या हाताकडे येऊ. पक्षाघातात हाताचे स्नायू बिघडत नाहीत, बिघडतो तो मेंदूतला हुकूम देणारा भाग. तो हुकूम पुन्हा पोचू शकतो का?

एडवर्ड टॉब या अमेरिकन शास्त्रज्ञाने माकडाच्या एका हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा तोडून पाहिल्या. माकडाने तो हात वापरणे सोडून दिले. पण त्याचा चांगला हात बांधून ठेवला, तेव्हा ते दुसऱ्या हाताने काम करू लागले! म्हणजे हात पुरता गेला नव्हता. तो न वापरण्याची सवय जडली होती. या प्रयोगांतील माकडांच्या हालांवरून १९८१ साली अमेरिकेत मोठे वादळ उठले, तेही विसरता येत नाही. पण त्यातून निघालेले सूत्र माणसांच्या कामी आले. ज्यांच्या मनगटाला व बोटांना थोडी तरी हालचाल उरली आहे, अशा रुग्णांच्या चांगल्या हाताला जाड हातमोजा घालायचा आणि दुबळ्या हाताकडून रोज तासन् तास काम करून घ्यायचे. अमेरिकेत २२२ रुग्णांवर याची रीतसर परीक्षा झाली. २००६ साली तिचे निष्कर्ष आले: नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांचा हात अधिक सुधारला, आणि ती सुधारणा वर्षभराने तपासले तेव्हाही टिकून होती.

म्हणजे आमच्या घरात काय चालले होते ते पाहा. आम्ही प्रेमाने आईला तोच नको असलेला धडा शिकवीत होतो, हात न वापरण्याचा!

घाईही नको

पण याचा अर्थ दुखणाइताला पहिल्या दिवसापासून पिटाळावे असा मात्र नाही. तसेही करून पाहिले गेले आहे. पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासात निम्म्या रुग्णांना झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत अंथरुणातून उठवले, आणि वरचेवर व जास्त वेळ उठवीत राहिले. सर्वांना वाटले होते, हे लवकर बरे होतील. २०१५ साली निकाल आला तो उलटा. तीन महिन्यांनी नेहमीच्या पद्धतीतल्या रुग्णांपैकी शंभरातले ५० चांगल्या स्थितीत होते; ज्यांना लवकर आणि अधिक उठवले त्यांच्यातले ४६. फरक लहान, पण धडा मोठा. केव्हा, किती आणि कोणाला, हे ठरवण्यासाठीच जाणकार माणूस हवे. म्हणून शेजाऱ्याने सांगितलेला व्यायाम आपल्या माणसाला परस्पर देऊ नये.

स्वयंपाकघरातली शाळा

आमच्या घरी त्या मुलीने कोणतेही यंत्र आणले नाही. तिने आईला विचारले, "आजी, तुम्हाला काय काय करायला आवडायचं?" आई अडखळत म्हणाली, "सै...पाक." झाले! ताटात तांदूळ पसरून खडे निवडणे, मटार सोलणे, कणकेचा गोळा दाबणे, कपडे वाळत घालायचे चिमटे उघडणे-मिटणे, हा अभ्यासक्रम ठरला. मधूनमधून डाव्या हाताला जाड मोजा. सुरुवातीला दहा मिनिटांत पाच दाणे सोलून होत. आई चिडे, ताट ढकलून देई, मलाही दोन शब्द सुनावी. आम्हाला मात्र एकच व्यायाम दिला होता, आणि तो सर्वांत अवघड होता: हात मागे घेऊन उभे राहायचे. पडू द्यायचे नाही, पण उचलूनही घ्यायचे नाही.

लहान मूल पांगुळगाडा धरून चालते, तेव्हा आपण तेच करतो की नाही? मग आईवडिलांच्या बाबतीतच आपला धीर का सुटतो? त्यांना काही जमणार नाही, असे आपण मनातून ठरवून टाकलेले असते, म्हणूनच ना?

आई पूर्वीसारखी झाली असे मी म्हणणार नाही. पाय अजून थोडा ओढते, सुईत दोरा ओवता येत नाही. काहींचा हात कितीही कष्ट केले तरी फारसा परत येत नाही, हेही खरे आहे. पण ती स्वतः जेवते, स्वतः वेणी घालते.

गेल्या दिवाळीत पत्नी करंज्या करीत होती. आई काठी टेकीत आली आणि पाटावर नाही, तर खुर्ची ओढून ओट्यापाशी बसली. एक पारी उचलून सारण भरले आणि उजव्या हाताच्या बोटांनी कडेला मुरड घालू लागली. बोटे थरथरत होती. पत्नीचा हात नकळत पुढे गेला.

"तू हो बाजूला," आई म्हणाली. शब्द अगदी स्पष्ट होते.

पहिली करंजी तेलात उकलली. दुसरीही उकलली. तिसरी टिकली. तळणीतून काढून ती आईने वेगळी ठेवली, आणि त्या पोरीचे नाव घेऊन म्हणाली, "ही तिला."