एक गुंठा बघायचा म्हणजे काय काय बघायचं?

पिंपरी-चिंचवडमधल्या चिखली, मोशी, चऱ्होलीत किंवा थेट चाकणजवळ मेदनकरवाडीत गुंठाभर जागा घेणारं कुटुंब ती बहुतेक वेळा उन्हाळ्यात, एजंटाच्या गाडीतून जाऊन बघतं. जमीन कोरडी खडखडीत, आजूबाजूचे प्लॉट रिकामे. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. ‘एवढ्याशा जागेचा अभ्यास काय करायचा?’ इथूनच गैरसमजांना सुरुवात होते. मोठ्या प्लॉटवर काही चुकलं तर घर चार फूट सरकवता येतं. गुंठ्यात सरकायला जागाच नसते, त्यामुळे अभ्यास इथे जास्त लागतो.

‘दहा वर्षं बघतोय, इथपर्यंत पाणी कधी आलेलं नाही.’ हे वाक्य खरं असू शकतं आणि तरीही निरुपयोगी. पवना आणि इंद्रायणीला पूर येतो तो मावळातल्या, घाटमाथ्यावरच्या पावसानं आणि धरणातल्या विसर्गानं. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी येतो. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा गाठली जाणारी पातळी, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा. आता हिशेब करा. निळ्या रेषेच्या काठावर सलग दहा वर्षं पाणी न येण्याची शक्यता साधारण तीनात दोन आहे, तेव्हा आजवर कोरडं राहिलं यात नवल काहीच नाही. पण २० वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त भरते. शिवाय निळ्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले महापालिकेनं मे २०२५ मध्ये, राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशावरून, जमीनदोस्त केले.

‘सातबाऱ्यावर नाव आहे, घरपट्टी भरतोय, मीटरही मिळालाय, मग अनधिकृत कसं?’ ज्या शहराला ‘शास्तीकर’, म्हणजे अनधिकृत बांधकामावरचा दंडाचा कर, वेगळा समजावून सांगावा लागत नाही, तिथेही हा प्रश्न विचारला जातो. कर अनधिकृत बांधकामावरही लागतो. पावती म्हणजे परवानगी नव्हे. सातबारा जमीन कोणाच्या नावे ते सांगतो, तिथे काय बांधता येईल ते सांगत नाही. त्यासाठी झोन दाखला काढायचा, विकास आराखड्यात रस्ता किंवा आरक्षण आहे का ते बघायचं आणि सरकारी मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करायच्या. तळवडे, निगडी, दिघी, भोसरी या बाजूला लष्कराच्या दारूगोळा कोठारांचा रेड झोनही तपासावा लागतो. तो जमिनीवर कुठेच आखलेला दिसत नाही.

‘दक्षिणमुखी प्लॉट नको.’ या समजुतीपायी असे प्लॉट थोडे स्वस्त मिळतात, आणि माझ्या मते ते जरूर बघावेत. पिंपरी-चिंचवड साधारण १८.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला दुपारी सूर्य जवळपास थेट डोक्यावर असतो आणि जुलैअखेरपर्यंत तर तो किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणजे भर उन्हाळ्यात दुपारी दक्षिणेच्या भिंतीला दोन फुटांचा छज्जा पुरतो, आणि डिसेंबरात तिरपं, हवंहवंसं ऊन घरात येतं. खरी वैरीण पश्चिमेची भिंत. एप्रिलमध्ये चार वाजताचं ऊन छज्ज्याखालून सरळ आत घुसतं. त्या बाजूला जिना, संडास-बाथरूम, कपाटांची भिंत टाकावी. झोपायची खोली नको.

‘शेजारी मोकळंच आहे, उजेड-वारा भरपूर.’ शेजारचाही मालक आहे, आणि त्यालाही गुंठाच मिळालाय. तो तीन मजले चढवणार असं धरूनच नकाशा काढा: बाजूच्या खिडक्यांवर भिस्त नको, उजेड पुढून, मागून आणि वरून घ्यायचा. जिन्यावरची उघडझाप होणारी झडप किंवा मधला छोटा चौक गुंठ्याच्या घरात चैन नसते.

आणि शेवटचा, सगळ्यात महाग पडणारा गैरसमज: ‘घर लहान, पाया साधा चालेल.’ जेसीबीनं पाच-सहा फुटांचा खड्डा घ्या आणि त्याची उभी कड नीट बघा. वर फुटक्या फरश्या, प्लॅस्टिक, विटांचे तुकडे दिसले तर तो राडारोड्याचा भराव. नदी-ओढ्यांच्या कडेला आणि जुन्या खाणींच्या जागी तो हटकून सापडतो. त्याखाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि हलक्या घराला उचलायला तिला जड इमारतीपेक्षा कमी कष्ट पडतात. एका मजल्याच्या घरात दाराच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा गेलेल्या दिसतात, त्यामागे पुष्कळदा हीच माती असते. पाया टणक मुरुमापर्यंत किंवा कातळापर्यंत न्यावाच लागतो, आणि तो थर किती खोल आहे ते खड्डाच सांगतो. हा खड्डा इसार देण्याआधी घ्यायचा. मालक खड्डा घेऊ देत नसेल, तर तेही उत्तरच समजावं.