८२ लोकांचा जिल्हा, ज्याचा कारभार आरोग्य विभाग पाहतो

अमेरिकेच्या हवाई राज्यात कलावाओ नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा. पण या जिल्ह्यात महापौर नाही, नगरसेवक नाहीत, स्थानिक निवडणूकच होत नाही. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या होती ८२. म्हणजे दोन एसटी गाड्यांमध्ये अख्खा जिल्हा बसेल!

आणि या जिल्ह्याचा कारभार पाहतो राज्याचा आरोग्य विभाग. असं का? त्याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या एका कायद्यात आहे.

आधी नकाशा समजून घेऊ. मोलोकाई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर कलाउपापा नावाचा एक सपाट भूभाग समुद्रात शिरलेला आहे. तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला सरळसोट उभा कडा. खाली उतरायला २६ वळणांची पायवाट आहे, मोटारीचा रस्ता आजही नाही. छोटं विमान उतरेल एवढी धावपट्टी आहे. जड सामान वर्षातून एकदा, उन्हाळ्यात समुद्र शांत असताना, बार्जने येतं. म्हणजे फ्रिज बिघडला, तर नव्यासाठी पुढच्या बार्जची वाट बघायची. काउंटीची जमीन जेमतेम ३१ चौरस किलोमीटर, मुंबईतल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

हीच दुर्गमता हेरून ही जागा निवडली गेली. हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होतं. परदेशी जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी तिथले मूळ रहिवासी आधीच खंगले होते. त्यात कुष्ठरोग पसरू लागला. १८६५ मध्ये राजा पाचवा कामेहामेहा याने रुग्णांना सक्तीने वेगळं ठेवण्याचा कायदा केला आणि ६ जानेवारी १८६६ रोजी पहिली तुकडी इथे उतरवण्यात आली. पुढच्या शंभर वर्षांत सुमारे ८,००० लोक इथे पाठवले गेले. त्यातले बहुसंख्य मूळ हवाईयन होते. नवरा इकडे, बायको तिकडे. इथे जन्मलेली बाळंसुद्धा आईपासून लगेच दूर केली जायची. शिवाय या भूभागावर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या निरोगी कुटुंबांनाही जमीन सोडावी लागली. त्यातले शेवटचे लोक १८९५ मध्ये हलवले गेले.

कलाउपापाचं नाव जगभर झालं ते फादर डेमियन यांच्यामुळे. बेल्जियमचे हे धर्मगुरू १८७३ मध्ये आले, रुग्णांची सेवा करता करता त्यांनाही कुष्ठरोग झाला आणि १८८९ मध्ये ते गेले. २००९ मध्ये त्यांना संतपद मिळालं. पण या गोष्टीत एक बाजू कायम झाकली जाते. डेमियन येण्याच्या दोन वर्षं आधीच रुग्णांनी सिलोआमा नावाचं स्वतःचं चर्च उभं केलं होतं. म्हणजे हे लोक कुणी वाचवायला येईल म्हणून नुसते बसून नव्हते.

१९०५ मध्ये हवाईत काउंट्या आखल्या गेल्या, तेव्हा उरलेलं मोलोकाई बेट माउई काउंटीत गेलं आणि ही वसाहत वेगळी काढण्यात आली. आजही कायद्याने ती आरोग्य विभागाच्या ताब्यात आहे. काउंटीचा अधिकारी एकच, शेरीफ. त्याचीही नेमणूक हाच विभाग करतो. राष्ट्राध्यक्ष किंवा राज्याचा गव्हर्नर निवडताना इथले लोक मत देऊ शकतात, पण आपल्याच गावाचा कारभार कोण पाहणार, यासाठी मतपेटीच नाही.

१९४६ मध्ये इथे सल्फोन गटातली औषधं आली आणि रोग आटोक्यात येऊ लागला. तरी सक्तीने वेगळं ठेवण्याचं धोरण संपायला १९६९ उजाडलं. तब्बल २३ वर्षं! दारं उघडली तेव्हा अनेकांनी बाहेर न जाण्याचा निर्णय घेतला. तारुण्य इथे गेलेलं, माणसं इथलीच, बाहेर ओळखणारं कोण होतं? १९८० मध्ये इथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं, तेव्हा त्यांना हवं तितकी वर्षं इथे राहण्याची हमी दिली गेली. त्यांच्या खासगीपणासाठी बाहेरच्यांना परवान्याशिवाय प्रवेश नव्हता आणि १६ वर्षांखालच्या मुलांना तर मनाईच होती.

आता ते जुने रहिवासी मोजकेच उरलेत, सगळे वृद्ध. ८२ च्या आकड्यात बहुतांश आरोग्य विभाग आणि उद्यानाचे कर्मचारीच आहेत. मग शेवटचा रुग्ण गेल्यावर काय? आरोग्य विभागाला इथे थांबायचं कारण उरणार नाही. कलावाओ माउईत विलीन करायचं, तर राज्याच्या विधिमंडळाला कायदा बदलावा लागेल. उद्यान चालवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेची स्वतःची जमीन इथे नगण्य आहे. बरीचशी जमीन राज्याची आणि काही मूळ हवाईयनांसाठी राखलेली. त्यामुळे पर्यटन किती वाढू द्यायचं आणि हुसकावलेल्या कुटुंबांच्या वंशजांना परत येऊ द्यायचं का, या दोन्ही प्रश्नांवर एकाच विभागाला निर्णय घेता येणार नाही.

दरम्यान, इथे पाठवलेल्या सगळ्यांची नावं कोरलेलं स्मारक उभारायला अमेरिकी काँग्रेसने २००९ मध्ये मंजुरी दिली. कारण त्यातल्या बहुतेकांच्या कबरीवर आज साधी खूणही नाही.