ई-चलान : कॅमेऱ्याला नंबर दिसतो, चालवणारा नाही

मे महिन्यात वडिलांचा फोन आला. "अरे, सुप्याजवळ स्पीडचं चलान आलंय. मी तर त्या दिवशी नेप्तीला कांद्याच्या लिलावात होतो!" बाईक एमएच १६, वडिलांच्या नावावर. घरात बहिणीचं लग्न, चावी खुंटीला. ज्याला काम निघेल तो गाडी नेणार. त्या दिवशी मी होतो की चुलतभाऊ, कुणालाच आठवेना.

यात सिस्टिमचं चुकलं नाही. सॉफ्टवेअर फोटोतली नंबर प्लेट वाचतं, 'वाहन' डेटाबेसमधून मालक शोधतं आणि त्याच्या मोबाइलवर मेसेज जातो. चालवणारा कोण, हा प्रश्न या साखळीत कुठेच येत नाही.

तो कायद्यात येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार अधिकृत पोलिसाने विचारलं, तर चालकाचं नाव, पत्ता, लायसन्सची माहिती देणं मालकाला बंधनकारक आहे. जर्मनीत वेगाचा दंड प्रत्यक्ष चालकालाच होतो, म्हणून तिथे चेहरा दिसेल असा समोरून फोटो घेतात. आपल्याकडे पाठमोरा फोटो आला, की सगळा भार मालकाच्या आठवणीवर! आणि चालवणारा अठराच्या आतला निघाला तर प्रकरण भलतंच जड. कलम १९९अ नुसार पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याला माहीत नव्हतं, हे त्यानेच सिद्ध करायचं.

पुराव्याचे नियम मात्र चांगले आहेत. २०२१ च्या नियम १६७अ प्रमाणे चलानासोबत फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण हवं आणि नोटीस १५ दिवसांत निघायला हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रावर हॅश द्यावा लागतो. फाइलमधला एक पिक्सेल बदलला तरी हॅश बदलतो. पण हॅश फक्त फोटो तोच आहे एवढं सांगतो, फोटोतला माणूस कोण ते नाही.

म्हणून 'पे' दाबायच्या आधी महाट्रॅफिकअ‍ॅपवर फोटो उघडून बघा. गाडी तुमची नसेल किंवा नंबर चुकीचा वाचला असेल, तर तिथेच तक्रार टाका. पैसे भरले म्हणजे तडजोड झाली, मग भांडायला काही उरत नाही. (व्हॉट्सअ‍ॅपवर चलानाची एपीके फाइल आली तर उघडू नका, तो फ्रॉड असतो.)

आम्हीही फोटो उघडला. हेल्मेट, पाठमोरा माणूस, पाठीवर माझी ऑफिसची बॅग. पैसे मी भरले. चलान अजून वडिलांच्याच नावावर दिसतं.